लाइनवर ऐकलेलं

आमच्या नणंदबाईंना सगळे हॅलोताई म्हणायचे. सत्तावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर काढली की दुसरं काय होणार? घरात हाक मारली तरी तोंडातून "ओ" नाही, "हॅलो"च निघायचं. एकदा तर पाळकसाहेब आमच्याकडे प्रार्थनेला आले, डोळे मिटून चांगली लांबण लावली, आणि शेवटी "आमेन" म्हणायच्या जागी बाई म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली!" ट्रंक कॉलवर दर तीन मिनिटांनी असं सांगायची सवय हो. पाळकसाहेब बिचारे गोरेमोरे झाले आणि मला हसू आवरता आवरेना.

तेव्हा फोन आपोआप लागत नसत. बाहेरगावी बोलायचं तर एक्स्चेंजला नंबर द्यायचा आणि वाट बघायची. मग बोर्डावरची बाई कॉर्ड या भोकातून काढून त्या भोकात खोचायची आणि लाइन जोडून द्यायची. नीट लागली का हे बघायला क्षणभर तिला कानावर घ्यावीच लागायची. त्या क्षणात जे ऐकू येईल ते तिथंच सोडून द्यायचं, हा त्या कामाचा नियम. ताईंनी तो इतका पाळला की मला चीड यायची. अख्ख्या वस्तीच्या भानगडी या बाईच्या कानावरून जाणार, आणि मी विचारलं, "काय विशेष आज?" की म्हणणार, "काही नाही गं, वरचा पंखा दुरुस्त झाला."

मी उलट. मी कपडे शिवते, दिवसभर माणसं येतात, आणि माझ्या जिभेला हाड नाही. हे मी आज कबूल करते. त्या वेळी कोणी म्हटलं असतं तर त्याच्या अंगावर धावून गेले असते.

झालं असं. आमच्याच चर्चमधल्या मास्तरीणबाई, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. पोरगी गोड, हुशार. लग्नाचा झगा माझ्याकडे शिवायला आला. मापासाठी त्यांनी तिचा एक जुना ड्रेस दिला होता, आणि त्या ड्रेसच्या खिशात औषधाची चिठ्ठी निघाली. गुपचूप परत ठेवायची की नाही? पण मला चैन पडेल तर ना! कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला दाखवली. तो म्हणाला, "फिटचं औषध आहे." मी चिठ्ठी होती तशी घडी करून खिशात ठेवून दिली. कोणाला पत्ता नाही.

दोन दिवसांनी एक बाई कोट सैल करून घ्यायला आली. झगा समोरच टांगलेला. "किती सुंदर! कोणाचा?" म्हणाली. मी सांगितलं, आणि मग सुस्कारा टाकून पुढचंही सांगितलं. वाईट हेतूनं नाही हो, देवाशपथ! कळवळून सांगितलं, "एवढी गुणी पोर, आणि बघा ना हे दुखणं मागे लागलेलं." ती बाई नवऱ्यामुलाच्या आईची जिवाभावाची मैत्रीण आहे हे मला काय ठाऊक?

आठवड्यात लग्न मोडलं.

मास्तरीणबाई वेड्यासारख्या झाल्या. ही गोष्ट घराबाहेर कोणालाच माहीत नव्हती. बाहेरगावच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांशी त्या महिन्यातून एकदा फोनवर बोलायच्या. म्हणजे मग उरलं कोण? लाइन जोडून देणारी. आमची हॅलोताई. मास्तरीणबाईंनी एक्स्चेंजला तक्रार लिहून दिली. वरिष्ठांनी ताईंना बोर्डावरून उठवलं आणि माडीवरच्या खोलीत कॉलच्या जुन्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे बांधायला बसवलं. खाली घंट्या वाजतायत, बायका नंबर पुकारतायत, आणि वर ही एकटी सुतळी ओवत बसलेली.

चर्चमध्येही तेच. दर रविवारी स्तोत्र वाचायचं काम वर्षानुवर्षं ताईंचं. आवाज कसा, खणखणीत. पाळकसाहेबांनी हळूच सांगितलं, "थोडे दिवस दुसऱ्यांना संधी देऊ या." लोकं काही तोंडावर बोलत नसत. ताई दिसल्या की बोलणं थांबवायचे, एवढंच. एका बाईनं तर माझ्या दुकानात नाक मुरडून म्हटलं, "घरात अशी नणंद म्हणजे जपूनच राहायला हवं तुम्हाला." मी दोऱ्याचं टोक दातानं तोडत बसले.

आमचे हे, म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ, रागानं लालबुंद व्हायचे. "ताई, तू भांड ना! सांग त्यांना, मी काही ऐकलंच नाही."

"कसं सांगू?" ताई म्हणायच्या. "मास्तरीणबाईंचा फोन मी लावून दिलाय. दोन शब्द कानावर आले होते. ऐकलं होतं रे, सांगितलं नाही एवढंच. आता ते कोण मानणार?"

आणि मी? मी गप्प. आज सांगते, उद्या सांगते, आधी हे गिऱ्हाईक जाऊ दे, आधी यांचा राग उतरू दे. शिवणारी बाई चिठ्ठ्या उघडून वाचते म्हटल्यावर माझ्याकडे कपडे कोण टाकणार? रोज जिभेवर यायचं आणि रोज मी ते गिळायचे. अकरा महिने.

त्या अकरा महिन्यांत ताई कशा झिजत गेल्या ते मी बघितलंय. कामावरून आल्या की खिडकीशी बसायच्या. रस्त्यावर कोणाकडे फोन वाजला की मान वळायची, हात कानाकडे जायचा, मग परत मांडीवर यायचा. एकदा बटाटे सोलता सोलता एकदम म्हणाल्या, "देव मला विसरला गं." रडल्या नाहीत. साल काढत राहिल्या. मला वाटलं आता जमीन दुभंगावी आणि मी आत जावं.

वाचायचं काम गेलं तरी स्तोत्रसंहिता सुटली नव्हती. संध्याकाळी माझ्या मशीनजवळ स्टूल ओढून बसायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या. आधी आधी स्तुतीची स्तोत्रं काढायच्या, दोन ओळी झाल्या की मिटून ठेवायच्या. "खोटं वाटतं माझ्या तोंडी," म्हणायच्या. मग तक्रारीची काढायला लागल्या. देवा, किती दिवस असा तोंड फिरवून बसणार, मला कायमचंच विसरलास का, खोटं बोलणाऱ्यांनी मला घेरलंय, असली सगळी. आठवडेच्या आठवडे तीच.

एकदा मी वैतागले. खरं तर मला ते ऐकवत नव्हतं. म्हटलं, "ताई, आधीच घरात एवढं दुःख, त्यात ही रडगाणी कशाला? ज्यानं लिहिलं त्याचंही देव ऐकत नव्हताच की!"

ताईंनी चष्मा काढला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर जुनी, बोर्डावरची बाई दिसली मला.

"तुला एक सांगू? मेलेली लाइन आणि गप्प लाइन यांत फरक असतो. नवीन पोरींना कळत नाही, त्या दोन्ही काढून टाकतात. मेलेल्या लाइनवर काहीच नसतं गं. आपला आवाजसुद्धा जिथल्या तिथं पडतो. पण पलीकडे कोणी रिसीव्हर उचलून नुसता धरलेला असेल ना, तर कळतं. बारीकशी घरघर असते, तिथल्या खोलीची हवा असते. माणूस बोलत नसतो, पण असतो. मी अशा लाइनी कधी तोडल्या नाहीत. एकदा एक बाप चांगली दोन मिनिटं गप्प होता, मुलीनं पळून इकडे येऊन लग्न केलं म्हणून. ती बोलतेय, रडतेय, हा गप्प. मी तोडली नाही."

"मग?"

"मग काय ते तुला कशाला सांगू? लाइनवर ऐकलेलं आहे ते." आणि चक्क हसल्या! "या स्तोत्रवाल्याचं मला तसं वाटतं. किती ओरडतोय, भांडतोय, पण फोन खाली ठेवत नाही. पलीकडे कोणीच नसतं तर एवढं बोलला असता का? मीही नाही ठेवणार. विसरलाय असं वाटतं गं, रोज वाटतं. पण लाइन मेलेली नाही वाटत."

त्या दिवसापासून वाचून झालं की त्या मिनिटभर मान तिरपी करून बसायच्या. मला मशीनच्या पायट्यावर पाय ठेवायची हिंमत व्हायची नाही. काय ऐकत होत्या, कोण जाणे. मला मात्र त्या शांततेत माझंच पाप ऐकू यायचं.

अकराव्या महिन्यात ऑफिसचं पत्र आलं. चूक झाली असं लिहून द्या, माफी मागा, पेन्शनपर्यंत माडीवर काम करा. नाहीतर नोकरीतून काढावं लागेल. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं. हे म्हणाले, "ताई, लिहून टाक. तीन वर्षं राहिलीत." ताई रात्री कागद-पेन घेऊन टेबलाशी बसल्या. सकाळी त्या कामावर गेल्यावर मी टेबल पुसायला गेले, तर कागद तिथंच होता. सुवाच्य अक्षरात एकच ओळ: "मी लाइनवर ऐकलेलं कधीही कोणाला सांगितलेलं नाही." खाली सही.

मी फडकं तिथंच टाकलं. त्या एका सहीनं ताई रस्त्यावर येणार होत्या, आणि खोटं लिहायला हात वळत नव्हता म्हणून. आणि इकडे मी, धडधाकट, खाऊनपिऊन सुखी! स्वतःची अशी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती. पायात चपला सरकवल्या आणि तडक मास्तरीणबाईंकडे गेले. वाटेत दोनदा मागे फिरले होते, तेही सांगून टाकते.

शाळेला सुट्टी होती. मास्तरीणबाई वह्या तपासत होत्या, मुलगी शेजारी बसून गुणांची बेरीज करत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ड्रेस, खिसा, औषधवाला, कोटवाली. सांगताना एकदा "कळवळून" म्हणायला गेले, पण तो शब्द गाळला.

मास्तरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. "अकरा महिने," त्या म्हणाल्या, "अकरा महिने मी त्या बाईला बघून रस्ता ओलांडते." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू जा इथून. तुला माफ केलं का, हे मला विचारू नकोस."

मी वळले तर मुलगी बोलली. "आई, माझं दुखणं म्हणजे काय चोरीचा माल होता? इतकं लपवलंस की उघडं पडल्यावर एका निर्दोष बाईला धरलंस." तिनं कोरा कागद काढून आईपुढे ठेवला. "लिही. मी स्वतः नेऊन देते एक्स्चेंजमध्ये. आत्ता."

पाच वाजता ताई आल्या. पर्स खुंटीला लावली, तोंड धुतलं आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ती पोरगी खरंच ऑफिसात येऊन गेली होती, सोमवारपासून बोर्डावर या म्हणून सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की बोलायला हवं, आणि दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत माझ्या तोंडून.

"ताई, ती मी होते," मी म्हटलं. "मी सांगितलं होतं त्या पोरीचं. तुमच्यावर आलं तरी गप्प बसले."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या.

"त्यांनी सांगितलं का ऑफिसात?"

"नाही गं. आता तू स्वतःच बोललीस म्हणून सांगते, पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्या कोटवालीनं नवऱ्यामुलाच्या आईला त्यांच्या गावी फोन केला तो मीच जोडला. लागला का बघायला कानावर घेतला, तर म्हणत होती, शिवणवाली सांगत होती. आपल्याच घराचं नाव ऐकलं आणि झटकन लाइन कानावरून काढली."

"आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत? निदान मला? मला तरी विचारायचंत!"

"ऐकलं कुठे होतं? लाइनवर. मग कसं विचारणार?" आता त्यांचा आवाज फुटला. "पण राग आला नव्हता असं समजू नकोस. चांगला आला होता. ती शत्रूंची स्तोत्रं मी तुझ्या नावानं वाचायचे. देवा, यांचे दात पाड, अशी ओळ आली की तुझ्याकडे बघूनच वाचायचे."

खरंच, त्या महिन्यात माझी दाढ ठणकत होती. पण हसायचं धाडस कोणाला होतं?

"माझी नोकरी, माझं नाव, ते सगळं मागितलं मी देवाकडे," ताई म्हणाल्या. "पण खरं सांगू, सगळ्यांत जास्त तुला मागितलं. रोज माझ्या हातचा चहा पितेस, माझ्या शेजारी बसून शिवतेस, आणि तू मला एक शब्द सांगत नाहीस. लोकांचं सोसवलं गं. हे नाही सोसवलं. किती दिवस, किती दिवस, म्हणून विचारायचे ना, ते तुझ्यासाठी होतं."

मी त्यांच्या गळ्यात पडायला पुढे झाले. त्यांनी हात पुढे करून मला थांबवलं.

"आज नको," त्या म्हणाल्या. "आज मला जमणार नाही. उद्या सकाळी ये."

मी "बरं" म्हटलं. त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं, कडी लावली नाही. मी बाहेर भिंतीला टेकून बसले. सकाळ व्हायला अजून तेरा तास होते.