कार्डावर ‘बाई’

“‘बाई’मध्येच टाक याला,” सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले.

मुलुंडच्या एका टॉवरचं गेट. सकाळचे पावणेआठ. मी वॉचमनच्या केबिनसमोर उभा होतो, कार्डासाठी फोटो काढून. सुपरवायझरच्या कॉम्प्युटरमध्ये कामवाल्यांचे चारच प्रकार होते. ड्रायव्हर, माळी, स्वयंपाकी, बाई. मी होतो अटेंडंट. बाराव्या मजल्यावरचे आजोबा अर्धांगानं पडून होते, त्यांना सांभाळायला नर्सिंग ब्यूरोनं मला पाठवलं होतं. सहा महिन्यांचा कोर्स केला होता, सर्टिफिकेट पिशवीत होतं. सुपरवायझरला कळेना मला कुठं बसवायचं. तेवढ्यात हाफ पँटीतले सेक्रेटरी चालून परत आले आणि त्यांनी निकाल दिला. “लंगोट बदलायचे, भरवायचं, अंग पुसायचं. बाईच की मग.”

सगळे हसले. वॉचमन हसला, दूधवाला हसला. मीही हसलो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं स्वतःला फार शहाणं दाखवायचं नाही मला.

कार्ड निघालं. माझा फोटो, माझं नाव, फ्लॅट नंबर. खाली ठळक अक्षरांत, बाई. आत असेपर्यंत ते गळ्यात दिसलंच पाहिजे असा नियम. मी गेटबाहेर पाऊल टाकलं की ते आधी खिशात घालायचो. घाटकोपरला आमच्या गल्लीत मी ‘हॉस्पिटल लाइनमध्ये’ आहे असं सांगितलं होतं. एकदा नाक्यावर चहाचे पैसे काढताना कार्ड बाहेर आलं. शाळेपासूनच्या मित्रानं ते उचललं, वाचलं, सगळ्यांना वाचून दाखवलं.

“बांगड्यांचा साइज काय रे तुझा?”

दुसरा म्हणाला, आपल्या माणसांनी लोकांची घाण उपसायची सोडायला किती पिढ्या घालवल्या, आणि तू पगार घेऊन परत तेच करतोस. त्या बोलण्याला माझ्याकडं उत्तर होतं. ते काम जन्मावरून गळ्यात मारलेलं होतं, माझं काम मी शिकून घेतलंय. पण बांगड्यांच्या टोमण्यानंच जीव इतका जळत होता की हे उत्तर तोंडातून निघालंच नाही. त्या दिवसापासून मी नाक्यावर बसायचं सोडलं. कुणी बोलवायलाही आलं नाही.

खोलीत मी एकटाच. जेवताना मोबाइलवर काहीतरी लावून ठेवायचो, कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

आई सव्वीस वर्षं लोकांकडं धुणीभांडी करायची. शेवटचे सात महिने ती अंथरुणावर होती. मानखुर्दहून अक्का, माझी मोठी बहीण, रोज दोन बस बदलून यायची. आईचं करायची आणि परत जाऊन स्वतःच्या घरचं करायची. मी बाहेर पायरीवर बसायचो. आतून आईची हाक आली की शेजारच्या बाईला आत पाठवायचो. शेजारणी म्हणायच्या, तू नको येऊस रे, पुरुषानं बघायचं नसतं. मला ते बरंच वाटायचं. एकदा अक्काला यायला उशीर झाला, शेजारी कुणी नव्हतं, आणि आई दोन तास तशीच ओल्यात पडून राहिली. मी पायरीवर होतो. मधे फक्त पडदा होता.

आई गेली. माझी गोडाऊनमधली नोकरीही गेली. कुणीतरी म्हणालं, पुरुष अटेंडंटना मागणी आहे, म्हणून कोर्स केला. परक्यांसाठी हात पुढं झाले. आईसाठी झाले नव्हते. अक्का त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलते.

आजोबा मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. मिशी अजून ताठ. मी रोज ती कातरून द्यायचो. पण पुसायला घेतलं की ते मान भिंतीकडं वळवायचे. एकदा त्यांनी विचारलं, “तुला लाज नाही वाटत?” मी म्हटलं, सवय झाली. ते म्हणाले, “मला नाही होत.” आणि डोळ्यांतून पाणी आलं. त्यांचा मुलगा, ज्याला मी साहेब म्हणायचो, तेव्हा दारात होता. तो कायम दारातच असायचा. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. तिथूनच म्हणाला, “बाबा, असं बायकांसारखं काय रडता?” मला त्याचा राग आला. नंतर कळलं, तो उंबरा माझ्या ओळखीचा होता.

मग आजोबांचा ऐंशीवा वाढदिवस आला. रविवारी दुपारी हॉल पाहुण्यांनी भरला होता. व्हीलचेअरवर आजोबा, समोर केक, सुरी त्यांच्या चांगल्या हातात. आणि त्यांना शी झाली. खुर्चीतच. वास पसरला, पाहुण्यांनी माना वळवल्या. मी पुढं निघालोच होतो. पण साहेबांचा चेहरा लाल झाला होता, आणि लाज कुणाच्या तरी अंगावर टाकायला हवी होती.

“ए बाई, बघत काय बसलीस? उचल.”

बसलीस. बसलास नाही, बसलीस. चारचौघांत. दोघं-तिघं फिसकन हसले. माझ्या अंगाची लाही झाली.

“मी बाई नाही,” मी ओरडलो. “मर्द आहे मी.”

 मी आजोबांना आत नेलं, धुतलं, पुसलं, कोरडे कपडे घातले. आतून छाती फुगली होती. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसाला तोंडावर उत्तर दिलं होतं.

गरम पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. तिथं काकी भांडी घासत होत्या. मालवणकडच्या, अकरा वर्षं त्या घरात कामाला. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

“बाई म्हटल्यान म्हणान इतक्या लागला तुका? मगे माका अकरा वर्सां काय म्हणतत?”

मी पातेलं हातात धरून उभा राहिलो.  हॉलमध्ये मी साहेबांना उत्तर दिलं नव्हतं. मी सांगितलं होतं की या घरात जिला ‘ए बाई’ म्हणतात ती खालची, आणि मी तिच्या वरचा. साहेबांना आणि मला एकच गोष्ट मान्य होती. सेक्रेटरींनाही तीच. नाक्यावरच्या मित्रांनाही तीच. आणि माझी आई सव्वीस वर्षं तेच ऐकत होती. ज्या शब्दानं माझा अपमान झाला, तो तिच्या नावाच्या जागी होता. तिच्यासाठी माझी लाही कधी झाली नाही.

आमच्या शाळेतल्या बाई वर्गात आल्या की आम्ही पन्नास पोरं उभी राहायचो. माझ्या आजीचं नाव गयाबाई, गावात तिला कुणी एकेरी हाक मारायचं नाही. शब्द तोच. खोट शब्दात नव्हती. त्याच्या आधी ‘ए’ लावणाऱ्यांत होती, आणि तो ऐकून लाजणाऱ्या माझ्यात होती.

पाहुणे गेल्यावर साहेब आले. खांद्यावर हात ठेवला. पुरुषानं पुरुषाशी बोलावं तसं बोलले. “सॉरी यार. पुरुषाला असं बोलायला नको होतं. सेक्रेटरींशी बोललोय मी, कार्ड बदलून देतील.”

तासाभरापूर्वी हेच ऐकून मी पाघळलो असतो. आता त्या हाताचं ओझं झालं.

“कार्ड राहू द्या, साहेब,” मी म्हटलं. “आधीचा ‘ए’ काढा. माझा काढा आणि काकींचा पण काढा. आणि उद्या आजोबांना पुसायला तुम्ही आत या. मी शिकवतो.”

त्यांनी हात काढला. संध्याकाळी ब्यूरोचा फोन आला, तिथं उद्यापासून जाऊ नकोस. निघताना आजोबांनी चांगल्या हातानं माझी बाही धरली, बराच वेळ सोडली नाही. काकींना वाटलं मी उगाच काम घालवलं. “तू जातलंस,” त्या म्हणाल्या. “माका हयंच ऱ्हवचा आसा.” ते खरंच होतं. माझ्या बोलण्यानं त्यांच्या मागचं काही सुटलं नव्हतं.

त्या आठवड्यात अक्काला फोन केला. पायरीवर बसलेले ते दोन तास पहिल्यांदा तोंडानं बोललो. पडदा बाजूला करायला मला कुणी अडवलं नव्हतं, हेही बोललो. ती ऐकत होती, मागं तिच्या कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग म्हणाली, “हे आईला सांगायचं होतंस.” आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला नाही. माफी मिळावी म्हणून मी हे सांगत नाही. मला ती मिळणार नाही.

महिनाभर काम नव्हतं. मुलुंडचं कार्ड मी परत दिलं नाही. ते गळ्यात घालून नाक्यावरून जायला लागलो. पहिल्या दिवशी शिट्ट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी कमी. माझ्याशी बोलायला अजून कुणी आलेलं नाही. नाही आलं तर नाही.

परवा अंधेरीला नवी केस मिळाली. दुसरा टॉवर, दुसरं गेट, यादी तशीच. कार्डाच्या मशीनवरच्या पोरसवद्या माणसानं माझ्याकडं वर-खाली पाहिलं आणि विचारलं, कशात टाकू?

“बाई लिही,” मी म्हटलं. “हसायचं असेल तर आत्ता हसून घे. गळ्यात घातल्यावर हसायचं नाही. माझ्यावरही नाही, आणि तुझ्या गेटमधून रोज आत जाणाऱ्या एकाही बाईवर नाही.”