ताईचं पथ्य

ताईला टीबी झाला तेव्हा आई आम्हा दोघी बहिणींना घेऊन उल्हासनगरला चार नंबर कॅम्पातल्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर सिंधी, पण मराठी बोलायची भारी हौस. म्हणाले, "मावशी, गोळी चुकवायची नाही. आणि खाण्यापिण्याचं पथ्य नीट सांभाळा."

त्यांना म्हणायचं होतं, हिला चांगलंचुंगलं खायला घाला. पण आमच्या पालेगावात पथ्य म्हणजे बंद करणं. आईनं घरी येताच अंडी बंद केली, उष्ण म्हणून. मासे बंद. दही आणि केळी कफाची, डाळ जड, शेंगदाण्यानं खोकला वाढतो. उरली भाताची पेज आणि मीठ. शेजारणीनं प्रेमानं आणलेली अंडी तिनं दारातूनच परत केली. आमची आई एकदा ठरवलं की देवाचंही ऐकायची नाही.

ताईचा जीव सुकटीवर. कुणाच्या घरी सुकट भाजली की ती अंथरुणात उठून बसायची.

"आई, चिमूटभर दे ना."

"बरी हो गो बाय, मंग टोपभर करीन," आई म्हणायची आणि डोळ्याला पदर लावायची.

गोळ्या चालू होत्या, तरी ताई वाळतच गेली. पुन्हा नेलं तेव्हा काय खाते ते ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मावशी, गोळी जंतू मारते, पण शरीरानं पण लढायला पाहिजे ना? उपाशी शरीर काय लढणार? अंडी, डाळ, मच्छी, सब खिलाओ. पथ्य म्हणजे तेच."

"पथ्य म्हंजे खायाचं?" आईनं विचारलं. घरी येताच ती शेजारणीकडे अंडी मागायला गेली.

तोवर ताईच्या पोटात काही ठरेनासं झालं होतं. साधा ताप आला, छातीत उतरला आणि तिला घेऊन गेला. एखादी गोष्ट पथ्यावर पडली म्हणजे भलं झालं, असं आपण म्हणतो. मला या शब्दाचा अजून राग येतो. आईचा येत नाही, कारण तिनं मायेपोटीच लेकीला उपाशी ठेवलं, आणि तेच मला सोसत नाही.

दिवसकार्य उरकल्यावर ताईच्या आवडीचं पान ठेवायचं होतं. आईनं टोपभर सुकट केली. काकी म्हणाली, "एवढी कशाला गो?" आईनं टोप जवळ ओढला. पान वाढलं, फोटोसमोर सरकवलं आणि हळूच म्हणाली,

"खा गो बाय. ह्येच पथ्य हाय."