आत पाहून भरा

तोफवाले सर रिकाम्या कपातही आधी डोकावून पाहत आणि मगच चहा ओतत. माठ असो की खडूची पेटी, आत पाहिल्याशिवाय त्यात काही भरायचं नाही, हा त्यांचा नेम. देवरीजवळच्या आमच्या आश्रमशाळेत ते इतिहास शिकवत. मी मुख्याध्यापक होतो. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, जहाज म्हणून काय ते नवेगाव बांधच्या तलावातले डोंगे. पण व्हिक्टोरिया राणीच्या आरमाराचा विषय निघाला की या माणसाला तास संपल्याची घंटाही ऐकू येत नसे. मला त्याची चीड यायची.

तोफांपेक्षा त्यांचा जीव खलाशांत जास्त. झोपायची झोळी टांगायला खलाशाला चौदा इंच जागा मिळे, हे सांगताना ते बाकावर पट्टीने माप घेऊन एखाद्या पोराला त्यात कोंबून बसवत. खलाशी बिस्किटं आपटून आतले सोंडे किडे पाडत आणि मग खात, हे ऐकून वसतिगृहातली पोरं खिदळत. त्यांना तांदळातले सोंडे ओळखीचे होते. "नोकरी सगळीकडं सारखीच, पोरंहो," सर म्हणत.

त्यांची आवडती गोष्ट मात्र एकच. लोखंडी जहाजावर दोन अजस्र तोफा शेजारी शेजारी. दारू आणि गोळा तोंडातून आत ढकलायचा. दोन्ही एकदम डागल्या. एक उडाली, दुसरी उडालीच नाही. धुरात नि दणक्यात कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्या भरलेल्या तोफेत पुन्हा भरलं. पुढच्या वेळी डागताच तोफ फुटली, माणसं गेली.

"चुकी कोनाची?" सर विचारत. पोरं म्हणत, भरणाऱ्यांची.

सर मान हलवत. "आवाज लय होता रे. थकलेल्या मानसाले काय समजते?"

ही गोष्ट मी दाराआडून दहा वेळा ऐकली असेल. पालथ्या घड्यावर पाणी. शाळेत शिक्षक कमी होते. सरांकडे इतिहास होताच, मग मराठी दिलं, मग पोषण आहार, शेवटी वसतिगृह. ते नाही म्हणत नसत, म्हणून मी देत गेलो. एकदाच माझ्या खोलीत आले.

"मोठे सर, मी थकून राहिलो. एक महिना वसतिगृह दुसऱ्याले द्या ना."

"दुसरा आहे कोण?" कागदावरून मान वर न करता मी म्हणालो.

"बरं. करून टाकतो."

त्याच आठवड्यात ते फळ्यापाशी कोसळले. उजवं अंग गेलं, नोकरीही गेली. पुढे दोन वर्षं काढली त्यांनी.

जाण्याच्या थोडं आधी मी त्यांना नवेगाव बांधला त्यांच्या घरी भेटलो. म्हणालो, "सर, चूक माझी होती." त्यांनी डाव्या हाताने माझा कप ओढला, आत पाहिलं, चहा ओतला. मग जड जिभेने म्हणाले, "आवाज लय होता, मोठे सर."

त्यांनी मला माफ केलं. पण त्या दिवशी माझ्या खोलीत आम्ही दोघंच होतो आणि कसलाही आवाज नव्हता.