हार काढायचा राहिला

बाळाराम सेल्फ मारत होता आणि ट्रक नुसता कण्हत होता. घर्र, घर्र, घर्र. पेटायचं नाव नाही. मानपाड्याला माझ्या गॅरेजसमोर सकाळी सकाळी अख्खी गल्ली जागी झाली.

"बस कर! बॅटरी उतरवशील," मी ओरडलो.

बाळाराम कळव्याचा कोळी. ट्रकातून बंदरावर बर्फ नेतो. बर्फ वेळेत नाही आला तर होड्यांची भरती चुकते. होडीवाल्यांनी त्याला सांगून टाकलेलं, आणखी एकदा उशीर झाला तर दुसरा ट्रक लावू. एका मेकॅनिकने बॅटरी बदललेली, दुसऱ्याने फिल्टर. म्हणून रात्रभर गाडी माझ्याकडे उभी करून घेतलेली.

"काका, आता पंप खोलायचा काय?"

"कशाला? दिवसा कशी चालू होते?"

"दिवसा लगेच. सकालचीच नाटकं. दिवालीपासून."

अर्धं तिथेच कळलं. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला गरका देणारी मोटर. ती नीट फिरत होती. डिझेलच पोचत नव्हतं. टाकी खाली, इंजिन वर. पाइपात कुठून हवा शिरली की रात्रभर उभ्या गाडीतलं डिझेल परत टाकीत उतरतं. सकाळी पंप आधी हवाच ओढत बसतो.

फिल्टरपाशी छोटा हातपंप असतो. तो दाबून डिझेल वर आणलं. "मार आता." एका सेल्फला पेटली.

"झाला काम?" बाळाराम खूश.

"काय झालं? रोज पहाटे मी येऊ दाबायला?"

गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी डिझेलच्या पाइपात मध्ये जोडली. डिझेलबरोबर बुडबुडे पळताना दिसले.

"पन काका, गलत तर कुठंच नाय."

"गळणार नाही. इथे डिझेल ओढलं जातं. शहाळ्यातल्या स्ट्रॉला भोक पाड आणि पिऊन बघ. थेंब बाहेर येत नाही, तोंडात हवा येते."

आता भोक शोधायचं. इंजिन बंद केलं, केबिनखाली वाकलो, पाइपवर हात ठेवला. सेल्फ फिरताना फुसफुस कुठे लागते ते बघायचं. आणि सवयीने ओरडलो, "सुमन, मार!"

सेल्फ लागला नाही. केबिनमधून बाळारामचं डोकं बाहेर आलं.

सुमन माझी बायको. गॅरेजच्या मागेच घर. मी हाक मारली की पोळ्या टाकून यायची, केबिनमध्ये चढायची. मार म्हटलं की मारायची, बस म्हटलं की थांबायची. गिऱ्हाइकं म्हणायची, स्टेअरिंगला पीठ कसं लागलं? गेल्या वर्षी गेली.

"मी हाय, काका," बाळाराम हळूच म्हणाला.

"मग मार की."

त्याने मारला. पाइपवरून हात सरकवत गेलो आणि बोटाला काहीतरी टोचलं. बाळारामला खाली उतरवलं, केबिन पुढे कलती करून बघितलं. डिझेलच्या प्लास्टिकच्या पाइपाला बारीक तार गुंडाळलेली. तारेत झेंडूचा वाळका देठ. गाडीच्या थरथरीने तार पाइपात रुतलेली, खाली केसाएवढी चीर.

"ही काय भानगड?"

"दसऱ्याचा हार. बायको बोलली, पुजा इंजिनाची हाय तर हार पन इंजिनालाच."

"बरोबर बोलली. काढला कोणी?"

"फुलं आपली आपन गलून परली ना!"

"आणि तार? ती पण गळून पडणार होती?"

तो हसला. मी पाइप बदलला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्याचा फोन. "काका, ऐका." फोन त्याने बाहेर धरला असणार. अर्धा गरका झाला नाही तोच इंजिन पेटलं. मागे कोणीतरी बर्फासाठी शिव्या घालत होतं. चांगलं वाटलं.

सुमन हार दोऱ्यात ओवायची, तारेत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन गॅरेजभर फिरायची. जॅक, कंप्रेसर, टेबलावरचा पकडीचा व्हाइस, सगळ्यांचे हार कापायची, दोरासुद्धा ठेवायची नाही. मी म्हणायचो, "अगं, राहू दे की चार दिवस." ती म्हणायची, "अहो, कौतुक झालं. आता त्यांना काम करू द्या."

तर गाडीला हार घाला. दुसऱ्या दिवशी तारेसकट काढा. सांगायचं एवढंच.

यंदा मी बाजारातून आणून व्हाइसला घातलेला हार अजून तसाच आहे. सुकून काळा झालाय. सुमन कात्री कुठे ठेवायची, मी कधी बघितलंच नव्हतं.