जाऊबाईंच्या गच्चीवरचं यंत्र

विभागात तिला सगळे धूरताई म्हणत. ती नोकरीला लागली तेव्हा खातं नुसतं विजेचं होतं. वीज करायला कोळशाच्या भट्ट्या उभारायच्या, तारा ओढायच्या, दिवे लावायचे. पुढे शहर खोकायला लागलं, तेव्हा जिन्याखाली दोन टेबलं टाकून प्रदूषण शाखा निघाली. वीज शाखेला नकोशी झालेली माणसं तिकडे धाडली गेली. त्यांत धूरताई पहिली. आणखी काही वर्षांनी दोन्ही पाट्या उतरल्या आणि ‘पर्यावरण व ऊर्जा विभाग’ अशी एकच पाटी लागली. एका हाताने भट्टी पेटवायची आणि दुसऱ्या हाताने तिचाच धूर मोजायचा, असा संसार सुरू झाला.

हवा मोजायचं यंत्र भट्टीचा धूर जिथे उतरतो तिथेच हवं होतं. पण गच्ची द्यायला कोणी तयार होईना. शेवटी धूरताईने आपल्या थोरल्या जाऊबाईंना गळ घातली. यंत्र दिवसभर घरघरायचं. जाऊबाईंनी बरंच सोसलं, मग वैतागून थेट धूरताईच्या साहेबांकडे तक्रार केली. साहेब मूळचे वीज शाखेचे. या यंत्राच्या आकड्यांमुळे भट्टीला सारख्या नोटिसा जात होत्या. घरमालकाची हरकत असली की यंत्र हलवता येतं. त्यांना आयतंच निमित्त मिळालं.

“उद्या तळ्याकाठच्या बागेत नेऊ,” ते म्हणाले.

“तिकडे धूर जातच नाही, साहेब.”

“मग बरंच की.”

“उद्या मीही येते. जाऊबाईंनी माझ्यादेखत हो म्हटलं, तर मीच नट काढून देईन.”

सकाळी साहेब हमाल घेऊन गच्चीवर आले, मागोमाग नट काढायचे पाने घेऊन धूरताई.

“आलीस?” जाऊबाई म्हणाल्या. “माझ्या डोक्यावर गिरणी बसवलीस ती बसवलीस, वर जेवायला बोलावलं तर म्हणे सवड नाही.”

“सगळं ऐकून घेते, वहिनी. आधी यंत्र कुठे चाललंय ते साहेबांना विचारा.”

साहेबांनी घसा खाकरला. “बागेत. हवा छान आहे तिथली.”

“छान हवा कशाला मोजायची?”

“या भागासाठी तोच आकडा धरतील,” साहेब म्हणाले.

“म्हणजे खोकायचं मी इथे, आणि कागदावर माझी हवा बागेतली?”

“अहो, तक्रार तुमचीच आहे.”

“आवाजाची आहे. मोजू नका असं मी कुठे म्हटलं?”

साहेबांनी धूरताईकडे पाहिलं. तिने एव्हाना पाना हातात घेतला होता. “आवाजाचं माझ्याकडे लागलं,” ती म्हणाली. “पायांखाली जाड रबर घालते. नाही भागलं तर उद्या दुसरं काही करीन. तुम्ही ठीक म्हणेपर्यंत येत राहीन.”

“तर मग तक्रार मागे,” जाऊबाई साहेबांना म्हणाल्या. “हिने दांडी मारली की पुन्हा करीन.”

साहेब हमालांना घेऊन जिना उतरले.

धूरताई गुडघे टेकून नट सैल करू लागली. “वहिनी, हा कोपरा जरा उचलून धरा.”

“म्हणजे आता हमालीही माझ्याच गळ्यात,” म्हणत जाऊबाईंनी दोन्ही हात लावले.