गोळीची रुजुवात

आमच्या धंद्यात नजर हेच भांडवल, आणि माझी नजर लहानपणापासून उनाड. मी मोडीतले जुने कागद वाचून ते देवनागरीत उतरवून देतो. वाटणीपत्रं, खरेदीखतं, क्वचित एखादी सनद. कोल्हापुरात या कामाला मरण नाही, कारण इथे भांडणं मिटत नाहीत आणि कागद कुणी टाकून देत नाही.

मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं टांगत जातो. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. त्यात 'मजकूर', म्हणजे 'वर सांगितलेला', हा शब्द पावलापावलावर. पहिल्या ओळीतल्या 'मजकूर'वरून माझी नजर उडायची ती थेट तिसऱ्या ओळीतल्या 'मजकूर'वर जाऊन बसायची. मधलं सगळं गेलं. वाक्य मात्र जुळलेलं असायचं, म्हणून संशयही यायचा नाही.

तरी वीस वर्षं निभावलं ते काकांमुळे. काका माझे नात्यातले नव्हेत. गारगोटीकडचे, सरकारी दफ्तरात नकला करण्यात हयात गेलेली, आता ऐंशीला टेकलेले. रोज अकराला माझ्या खोलीवर येऊन ते रुजुवात करायचे. रुजुवात म्हणजे नक्कल मुळाशी ताडून पाहणं. खरी रीत दोघांची: एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं नकलेवर पेन्सिल धरून बसायचं. पण मी पाचव्या मिनिटाला चहा सांगायच्या निमित्तानं उठतो आणि कोपऱ्यावरच्या वर्तमानपत्रात हरवतो, हे काकांना ठाऊक असल्यामुळे ते दोन्ही कागद शेजारी ठेवून एकटेच बसायचे. चुकीभोवती तांबड्या पेन्सिलीचा गोल, पानाच्या तळाशी चुकांचा आकडा. मग ती दुरुस्त नक्कल मी संगणकावर टाइप करायचो.

यंदा आषाढात काकांनी जाहीर केलं, "दिवाळीपतोर येतो. डोळ्याचा पडदा गेला म्हणतोय डॉक्टर. फुडं तुझं तू बघ."

त्याच आठवड्यात चंदगडहून एक बाई एसटीनं आल्या होत्या. आजोबांच्या वेळचं वाटणीपत्र पिशवीत, पिशवी पदराखाली. ओढ्याकडेचं शेत विधवा सुनेच्या वाट्याला दिलं होतं असं त्यांची आई सांगायची. चुलत घराणं म्हणत होतं, असं काही नव्हतंच. कागद बारा पानी, हात घाईचा, शाई उडालेली. "पावणं, काय असंल त्ये लिवा. नसलं तर नसलं म्हणून लिवा," असं म्हणून त्या शेवटच्या गाडीसाठी निघून गेल्या. काकांशिवाय असा कागद मी हातावेगळा करू शकेन का, याचं प्रामाणिक उत्तर 'नाही' हे होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी दुसरा धंदा शोधायचा तर मला तोही येत नव्हता.

मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं बायकोनं सुचवलं. आधी गेलो ते एका प्रशस्त ठिकाणी. भिंतीवर डॉक्टरसाहेबांचे सत्कार, प्रत्येक फोटोत शाल तीच असावी असं वाटण्याइतक्या सारख्या शाली. साहेबांनी चार मिनिटांत मला 'थोडं टेन्शन' दिलं, म्हणजे निदान म्हणून, आणि प्राणायामावरचं स्वतःचं पुस्तक दिलं. ते मी अर्धं वाचून रिक्षात विसरलो. निदान चुकीचं होतं याचा याहून चांगला पुरावा कुठला देणार?

दुसऱ्या डॉक्टर राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बसतात. बाई चाळिशीच्या. भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात वजनकाटा, टेबलावर रक्तदाबाचं यंत्र. सत्कार झालेले नसावेत, किंवा झाले असले तर घरी ठेवलेले. त्यांनी पाऊण तास प्रश्न विचारले आणि शाळेची प्रगतिपुस्तकं मागितली. बायकोनं माळ्यावरून शोधून आणली. पाच इयत्ता, पाच गुरुजी, शेरा एकच: हुशार आहे, पण लक्ष नाही. शब्दही बदलला नव्हता. एकमेकांची नक्कल करण्यात गुरुजींची नजर माझ्यापेक्षा बरी होती.

"एडीएचडी," बाई म्हणाल्या. "लक्ष एका जागी न ठरण्याचा विकार. लहानपणापासूनचा. आता औषध सुरू करू, पण तुम्हाला नक्की किती लागेल ते मला आज माहीत नाही."

हे वाक्य मी एखाद्या डॉक्टरच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मला माहीत नाही म्हणणारा माणूस आपल्याकडे एकतर मूर्ख ठरतो किंवा संत. या बाई दोन्ही नव्हत्या. त्यांना फक्त मोजायचं होतं. दहा मिलिग्रॅमपासून सुरुवात, दोन आठवडे थांबायचं, मग पुढचं. मधे दुसरं काही बदलायचं नाही. चहा तेवढाच, झोप तेवढीच. "दोन नळ एकदम फिरवले की पाणी कशानं तापलं ते कळत नाही," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "तुमच्या कामात चुका मोजता येतात का?"

मी रुजुवातीचं सांगितलं. त्या इतक्या खूश झाल्या की क्षणभर मलाच धंद्याचा अभिमान वाटला. "रोज एक पान आणि त्याचा आकडा. बस."

घरी वेगळीच पंचाईत. आईनं विचारलं, पथ्य काय? काही नाही म्हटल्यावर तिचा औषधावरचा विश्वास उडाला. ज्याला पथ्य नाही ते औषध कसलं? गोळीवर सरकारी निर्बंध, म्हणून औषधाचं दुकानही असं की चिठ्ठी ठेवून घेणार, वहीत सही घेणार. गोळी घेताना आपण जामिनावर सुटतोय असं वाटायचं.

गोळीआधी आकडा दहा-अकराच्या घरात होता. दहा मिलिग्रॅमवर आठ झाला. मग वीस. त्याच सुमाराला काकांनी विचारलं, "रोज आकडा कशाला उतरून घेतोस रं वहीत?"

मी सांगितलं. डोक्याच्या डॉक्टर, गोळी, सगळं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "आरं मग आधी सांगायचं न्हाईस व्हय? म्या आपला गोल काढत बसलोय हितं."

त्या दिवशी आकडा आला तीन. मग दोन. मग एक, एक, शून्य. पंधरा दिवसांत मी माणसात आलो. चंदगडच्या वाटणीपत्राची आठ पानं झाली, टाइपही झाली. बाईंकडे मी वही घेऊन गेलो ते मुलाखत जिंकलेल्या उमेदवारासारखा. बायको बरोबर होती. बाईंनी माझी नाडी पाहिली, वजन केलं, आणि मग तिच्याकडे वळल्या, "घरी काही फरक जाणवतो का?"

"थोडा फरक आहे," बायको म्हणाली. "पण या आठवड्यात दूध दोनदा उतू गेलं. आणि हे मंगळवारी एमएसईबीचं बिल भरायला गेले ते पुस्तकांच्या प्रदर्शनातून परत आले. बिल खिशातच."

"ते घरातलं आहे," मी म्हणालो. "कामात शून्य."

"डोकं एकच आहे ना?" बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी आकडे नकोत. कागद आणा. डोस आहे तोच."

मला राग आला. बाईंना मोडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पुढच्या वेळी मी हातानं लिहिलेल्या नकलांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. त्यांनी पानं खिडकीकडे धरून एकेक पाहिली आणि सहाव्या पानावर बोट ठेवलं.

"हा 'ळ' तुमचा का?"

दोन ओळींच्या मधे, बारीक अक्षरात, काळ्या शाईत काहीतरी भरलेलं होतं. माझा 'ळ' सैल, दोन वाटोळ्यांचा. हा आवळलेला, दफ्तरी वळणाचा, काकांचा. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर दुसरा हात शिरला असेल तर मी कोर्टात शपथेवर सांगतो. माझ्या स्वतःच्या नकलेत शिरलेला दुसरा हात मला पंधरा दिवस दिसला नव्हता. उलट मी तो इमानानं टाइप केला होता. भरलेला मजकूर असा: 'ओढ्याजवळचे शेत मजकूर सून मजकूर हिचे निर्वाहास दिले असे.'

चंदगडच्या बाईंचं शेत. ते मी गाळलं होतं. दिवाळीनंतर काका नसते, आणि वहीत शून्य लिहून मी तो कागद बिनधास्त त्यांच्या हातात दिला असता.

"काकांना घेऊन या," बाई शांतपणे म्हणाल्या. "रागावू नका त्यांच्यावर."

काका आले ते इस्त्रीची टोपी घालून, चौकशीला आल्यासारखे. खुर्चीच्या कडेवर बसले.

"बाईसाहेब, पोराचं नाव खराब हुईल म्हणून केलं," त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "डॉक्टरकडं कागद जाणार म्हणल्यावर, आता चुका दाखवायच्या व्हय? आमच्यात गोपनीय अहवालात असं न्हाय लिवत. माणूस कामातनं जातोय."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत काकांनी वर साहेबांकडे गेलेला आकडा एकाच कामाचा पाहिला होता: माणसाला नोकरीतून उठवायच्या. डॉक्टरकडे जाणारा आकडा वेगळा असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

बाईंनी भाषण दिलं नाही. दुसरा कुणी असता तर विज्ञान, दृष्टिकोन वगैरे काढलं असतं. त्यांनी विचारलं, "काका, मूळ कागदात लिहिणाऱ्याचीच चूक असेल, तर नकलेत तुम्ही ती सुधारता का?"

काका ताठ झाले. "कधीच न्हाय! चुकलेलं असंल तर चुकलेलंच उतरायचं. आपण कोण सुधारणार?"

"मग माझ्याकडे येतो तो मूळ कागद हे आहेत," माझ्याकडे बोट करून बाई म्हणाल्या. "तुम्ही मला सुधारलेली नक्कल पाठवलीत."

काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "चुकलं की हो माझं." वीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. एमडी झालेल्या कित्येकांकडून तर ऐकण्याची आशाही नाही.

तिथून पुन्हा पहिल्यापासून. वीसवर खरा आकडा निघाला पाच. तीसवर गेलो, आणि आकडा शून्य झाला. खरंखुरं शून्य, तांबड्या पेन्सिलीचा एकही गोल नाही. मी म्हटलं, ठरलं, हाच डोस.

"दिवसाला किती ओळी होतात?" बाईंनी विचारलं.

मोजल्या नव्हत्या. मोजल्या तर निघाल्या अकरा. एरवी होतात साठ. एका 'य'पुढे मी सव्वा तास बसलो होतो, तो 'थ' तर नाही ना म्हणून. जेवण अर्ध्यावर आलं होतं. रविवारी ताटात पांढरा रस्सा तसाच राहिलेला पाहून आईनं शेजारीण बोलावून दाखवला. नाडी जोरात होती. बायको म्हणाली, "हे हसेनासे झालेत. म्हणजे विनोद करतात, पण स्वतः हसत नाहीत."

मी हट्ट धरला. नाडीचं काय, चालतं. मला शून्य हवं होतं. दिवाळी महिन्यावर आली होती. औषध वाढवून मागणाऱ्या माणसाला नाही म्हणणं फार अवघड, आणि खासगी दवाखान्यात तर त्याहून. तो उठून शालीवाल्या साहेबांकडे जाऊ शकतो. बाई सरळ म्हणाल्या, "परत वीस. गोळी काही तुमचे काका होणार नाही. ती एवढंच करेल की तुम्ही एका जागी बसाल. बसून काय करायचं ते तुमच्या धंद्याला माहीत आहे."

जिना उतरताना मी चिडलेला होतो. रंकाळ्यापर्यंत चालत गेल्यावर लक्षात आलं की त्या बाईंनी मला अडीच महिन्यांत एकदाही थोर वाटेल असं काही सांगितलं नव्हतं, आणि जे सांगितलं होतं त्यातलं एकही खोटं निघालं नव्हतं.

वीसवर परत आल्यावर आकडा चार-पाचच्या आसपास राहिला, ओळी पन्नास. मी एक जाड कार्ड कापून त्याला एका ओळीची खिडकी केली. नजर उडाली तरी कार्डावर आपटते; त्यानं आकडा दोनाच्या घरात आला. सांगलीच्या एका मोडी वाचणाऱ्या बाईंशी ठरवलं की दिवाळीनंतर एकमेकांच्या कागदांची रुजुवात रोज तासभर फोनवर करायची.

वसुबारसेच्या दिवशी चंदगडच्या कागदाची शेवटची रुजुवात. पहिली आठ पानं मी नव्यानं उतरवली होती. काका नेहमीसारखे दोन्ही कागद घेऊन खिडकीकडे निघाले. मी म्हटलं, "काका, आज रीतीनं करू. तुम्ही मूळ वाचा. पेन्सिल मी धरतो."

ते परत येऊन माझ्यासमोर बसले. मग भिंग काढलं आणि वाचायला लागले. वाचताना त्यांचा आवाज दफ्तरी होतो, सपाट, कुणाचीही बाजू न घेणारा. मी पेन्सिल धरून बसलो. पहिल्या पानावर एक गोल, तिसऱ्यावर दोन. सहाव्या पानावर ओढ्याजवळचं शेत आलं. माझ्या नकलेत ते जागच्या जागी होतं, माझ्याच सैल 'ळ'मध्ये. काकांनी भिंगावरून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, ते पुढे वाचू लागले.

बारावं पान संपलं तेव्हा खाली रस्त्यावर शाळा सुटली होती. मी आकडे जोडले. "बारा पानांत एकोणीस," मी म्हणालो.

"एकोणीस," काका मोठ्यानं म्हणाले, दफ्तरात नोंद व्हावी तसे. मग भिंग खिशात घालत म्हणाले, "चहा सांगायला उठला न्हाईस की रं आज."

चहा सांगायचा राहूनच गेला होता.