काकूंची मशेरी

समोरच्या काकू रोज सकाळी पायरीवर बसून मशेरी लावायच्या. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटानं दातांवर घासत अख्ख्या गल्लीशी बोलायच्या. मी इथं राहायला येऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी अजून पाहुणाच. "काय पावणं, आज हापिसला सुट्टी हाय व्हय?" हे पंचगंगेच्या घाटापर्यंत ऐकू जावं.

हिवाळ्यात त्यांच्या लहानग्या नातीची दाढ दुखायला लागली. काकूंनी दाढेवर चिमूटभर मशेरी दाबली. दुसऱ्या दिवशी पोरीचा गाल टम्म सुजला, तेव्हा मीच दोघींना दवाखान्यात घेऊन गेलो. "दुधाचंच दात की, पडणारच हायत," काकू वाटेत म्हणत होत्या.

डॉक्टरांनी पोरीचे किडलेले, काळे पडलेले दात पाहिले आणि विचारलं, "बाळा, दात कशानं घासतेस?"

पोरीनं ऐटीत बोट वर केलं. "मशेरीनं. आजीगत."

काकूंनी कमरेला खोचलेली मशेरीची डबी हळूच पदराआड सरकवली.

दुसऱ्या दिवसापासून त्याच पायरीवर आजी आणि नात ब्रश घेऊन बसू लागल्या. तोंडभर फेस घेऊन काकू ओरडायच्या, "गोल फिरव की गं! घाई काय हाय?"

परवा मागच्या बोळात गाडी काढायला गेलो, तर काकू भिंतीआड उभ्या होत्या, काळं बोट तोंडात. चोरून विडी ओढताना सापडलेल्या पोरासारख्या दचकल्या. गल्ली दणाणून सोडणारा तो आवाज जेमतेम माझ्यापर्यंत पोचला.

"पावणं, पोरीला सांगू नगासा."